आपा, घर माझ्या नावावर झालं

आपा, तुम्ही गेलात हे शबानाने सांगितलं तेव्हा मी उदगीरच्या पोस्टात रांगेत उभी होते. नांदेडचं खातं इकडे बदलून घ्यायचं होतं. खिडकीतल्या माणसाने दोन वेगवेगळे फॉर्म पुढे सरकवले, आणि ह्यातला कुठला भरायचा हे तुम्हाला विचारावं म्हणून मी मोबाइल काढला, तोच तुमच्या नंबरवरून फोन आला. मी हसूनच "बोला आपा" म्हटलं. पलीकडे तुमची लेक रडत होती.

मागे उभ्या असलेल्या एका बाईने मला धरून बाकावर बसवलं. कोण गेलं म्हणून विचारलं. बहीण म्हणावं तर तुम्ही खैरुन्निसा आणि मी मंगल. मैत्रीण म्हणावं तर तुम्ही माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या, आणि वीस वर्षांत मी तुम्हाला कधी अगं-तुगं केलं नाही. पोस्टाच्या एजंट म्हणावं तर एजंट गेली म्हणून कुणी पोस्टात बसून असं रडत नाही. शेवटी मी म्हटलं, "आमच्या आपा होत्या." तिला तेवढं पुरलं.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या लॅबमध्ये आलात ते नाकाला ओढणी लावून. कॉलेजातल्या सगळ्या बायकांची पोस्टातली आरडी तुमच्याकडे होती, फक्त केमिस्ट्रीवाल्यांची नव्हती, कारण त्या वासात यायला कुणी तयार नसायचं. मी तिथे प्रयोगशाळा सहाय्यक. तुम्ही दारातूनच विचारलंत, महिन्याला दोनशे रुपये टाकशील का. मी म्हटलं, दोनशे उरत नाहीत. तुम्ही म्हणालात की उरलेले नकोच आहेत, आधी काढलेले पाहिजेत. मला तो शहाणपणा वाटला आणि रागही आला. पुढच्या महिन्यात मात्र दोनशे रुपये बाजूला काढून ठेवलेले होते.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तुमची स्कूटी कॉलेजच्या फाटकात कशाला तरी घासून थांबायची. तुम्ही कधी खुर्चीवर बसला नाहीत. उभ्या उभ्या सुपारी कातरत आरडीच्या कार्डावर सही करायच्या, आणि समोरचीचा चेहरा उतरलेला दिसला तर पैशाचं नावही न काढता निघून जायच्या, दोन दिवसांनी परत यायच्या. माझ्या सासूबाई गेल्या त्या महिन्यात तर तुम्ही स्वतःच्या खिशातून माझा हप्ता भरलात आणि मला पुढच्या महिन्यात सांगितलंत. तुम्ही कमिशनवर घर चालवणारी विधवा बाई होतात हे मला ठाऊक होतं. तरी तेव्हा मी नुसतं "बरं झालं" एवढंच म्हटलं.

मग माझा खोकला सुरू झाला. सव्वीस वर्षं ॲसिडच्या वाफा नाकात घेतल्यावर तो कधीतरी येणारच होता. डॉक्टरांनी पंप दिला आणि सांगितलं की नोकरी बदलता येत नसेल तर सोडायचा विचार करा. त्याच सुमारास आमचे हे मुनीम होते ती नांदेडची डाळमिल बंद पडली. ह्यांच्या चुलतभावाची उदगीरला आडत आहे, तो वहीखातं बघायला ये म्हणून मागे लागला होता. ह्यांचं ठरलं. नांदेडचं दोन खोल्यांचं घर विकायचं, मी स्वेच्छानिवृत्ती घ्यायची, उदगीरला प्लॉट घेऊन दोन मजली घर बांधायचं आणि उरलेल्यातून आमच्या मुलाला, अमोलला, पुण्यात फ्लॅटसाठी मदत करायची. ऐकायला सगळं सोपं होतं. मला तर आनंदच झाला. बावन्नाव्या वर्षी सकाळी उठून कुठे जायचं नाही, ह्या विचारानेच अर्धा खोकला गेल्यासारखा वाटला.

तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही एकच गोष्ट विचारलीत. तुझ्या घराला महिन्याला किती लागतात?

मला सांगता आलं नाही. तुम्ही टेबलावरच्या ब्युरेटकडे बोट दाखवलंत आणि म्हणालात, ह्याच्यात थेंब थेंब मोजून पोरांना शिकवतेस, आणि घरात तेल किती जातं ते माहीत नाही. समोर प्रॅक्टिकलची दोन पोरं उभी होती. ती हसली. मी लाजले.

मग तुम्ही तो प्रकार काढलात. कुठे शिकला होतात कोण जाणे. माझी पेन्शन बावीस हजारांच्या आसपास बसत होती, हातात पगार येत होता पंचेचाळीस. तुम्ही म्हणालात, "एक साल तू रिटायर झालीस असं समज. बावीस हजारात घर चालव, बाकीचा पगार पोस्टात टाक. चाललं तर दे अर्ज. न्हाई चाललं तर मास्क बांध न पुन्हा ॲसिडात जा."

ते वर्ष मी कधी विसरणार नाही. पहिले दोन महिने मला मोठी मौज वाटली. तिसऱ्या महिन्यात ह्यांच्या भाच्याचं लग्न निघालं. आहेर, साड्या, गाडीभाडं, आणि बावीस हजार वीस तारखेलाच संपले. मी तोंड पाडून तुमच्याकडे आले. वाटलं, ओरडाल. तुम्ही तर खूश झालात. आत्ता फसलं ते बरं झालं, म्हणालात, रिटायर झाल्यावर फसलं असतं तर कुणाला सांगितलं असतंस? त्या दिवशी तुम्ही मला लग्नं आणि दवाखाना ह्यांच्यासाठी वेगळी रक्कम काढायला लावलीत, आणि ती दर महिन्याच्या खर्चात कधीच मिसळायची नाही असं बजावलंत. आमचे हे त्या वर्षी कुरकुर करत होते. पेट्रोल मोजून, बाहेरचं खाणं बंद. पण वर्षाच्या शेवटी आम्ही तरलो, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माझी भीती गेली. आपा, लोक म्हणतात नोकरी सोडताना हिंमत लागते. मला हिंमत लागलीच नाही. मी एक वर्ष आधीच रिटायर होऊन बसले होते.

आता त्या वर्षीच्या दिवाळीचं लिहिते. ते लिहिल्याशिवाय हे सगळं खोटं होईल.

तुम्ही दर दिवाळीला फराळाला यायच्या. शंकरपाळे खायच्या आणि चकली कडक झाली म्हणायच्या. त्या वर्षी अमोल पुण्याहून आला होता. त्याने दोन बेडरूमचा फ्लॅट बघितला होता आणि सुरुवातीची रक्कम आम्ही द्यावी असं ठरत होतं. म्हणजे माझी ग्रॅच्युइटी जवळजवळ सगळी. मी ते तुम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितलं. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि अमोलकडे वळून विचारलंत, "बेटा, तुझी आई घरी बसल्यावर तिला महिन्याला किती मिळणार, ठाऊक हाय का तुला?"

अमोल म्हणाला, चाळीसेक हजार मिळत असतील.

"बावीस. त्यातले दोन हजार पंपाचे न गोळ्यांचे."

तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. ह्यांच्याकडे बघून म्हणालात की उदगीरला घर घ्याल ते मंगलच्या नावावर घ्या, आणि घ्यायच्या आधी सहा महिने भाड्याने राहून बघा. हे उठून अंगणात गेले. तुम्ही शंकरपाळे तसेच ठेवून निघालात.

मी दुसऱ्या दिवशी फोन केला. तो फोन मला आजही आठवतो, कारण मी तो शब्द न शब्द तयार करून केला होता. मी म्हटलं, "आपा, आमच्या घरातलं आम्ही बघून घेऊ. तुम्ही तुमच्या कार्डापुरतं बघा."

तुम्ही "बरं" म्हणालात आणि फोन ठेवलात.

पुढचे चार महिने तुम्ही येत होता, सही करत होता, जात होता. सुपारी कातरायलाही थांबत नव्हता. मला वाटायचं, आज बोलावं. पण तुम्ही इतक्या सरळ चेहऱ्याने "दोन हजार, मंगलबाई" म्हणायच्या की माझी जीभ उचलत नव्हती. तुम्ही मला मंगलबाई म्हणावं, ही त्या चार महिन्यांतली सगळ्यात मोठी शिक्षा होती.

आणि तिकडे काय झालं ते मी तुम्हाला वेळेवर सांगितलंच नाही. पुण्याला जायच्या आधी अमोल स्वयंपाकघरात येऊन माझ्याजवळ बसला. म्हणाला, आई, मला कुणी कधी सांगितलंच नाही. मला वाटायचं तुमच्याकडे भरपूर आहे, कारण मी जे मागितलं ते तुम्ही नेहमी दिलंत. त्याने दोन बेडरूमचा फ्लॅट सोडला, एका बेडरूमचा घेतला, आणि माझ्याकडून आधी ठरलेल्याच्या निम्मेच घेतले. तेही मी आग्रह केला म्हणून. आता दर महिन्याला तोच फोन करून विचारतो, पंप संपला का, पाठवू का. हे पोरगं तुम्ही मला परत मिळवून दिलंत आपा. नाहीतर मी त्याला फ्लॅट दिला असता आणि मनातल्या मनात आयुष्यभर हिशेब मागत राहिले असते.

माझ्या निरोपसमारंभाला तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. मीही नाही. तरी तुम्ही आलात. मागच्या रांगेत बसलात, प्राचार्यांचं भाषण ऐकलंत, आणि चहाच्या आधी निघून गेलात. मी स्टेजवरून बघत होते. हातात नारळ आणि शाल, नाहीतर धावत आले असते. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे नारळ खाली ठेवता आला असता.

उदगीरला आम्ही सहा महिने भाड्यानेच राहिलो. तुमचं ऐकलं असं मी ह्यांना म्हटलं नाही, प्लॉटचे कागद तपासायला वेळ लागेल असं म्हटलं. आणि बरं झालं. ह्यांनी ज्या भागात प्लॉट बघून ठेवला होता, त्याच भागात आम्ही खोली घेतली होती. दोन गल्ल्या पलीकडे डाळमिल. हंगामात तिचा भुसा असा उडायचा की सकाळी ओट्यावर बोट फिरवलं तर रेघ उमटायची. माझी छाती कफाने भरली. जे ॲसिडने सव्वीस वर्षांत केलं, ते भुशाने दोन महिन्यांत केलं. तिथे घर बांधून बसलो असतो तर मी स्वतःच्या नव्या घरात गुदमरत राहिले असते. प्लॉट सोडला. गावाच्या दुसऱ्या अंगाला, मोकळ्या हवेत, तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं तयार घर मिळालं. वरचा मजला नाही. अमोल आला की आम्ही हॉलमध्ये गाद्या टाकतो, आणि कुणाचं काही अडत नाही.

आता नावाचं सांगते, तुम्हाला हसू येईल. तुमचं म्हणणं ह्यांनी मान्य केलं नाही. सरकारचं केलं. रजिस्ट्रीच्या वकिलांनी सांगितलं की एकट्या बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. आमचे हे मुनीम माणूस. एक टक्का ऐकल्याबरोबर म्हणाले, मग हिच्याच नावावर करा.

संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला. कार्डाशिवाय दुसऱ्या कशासाठी केलेला तो वर्षभरातला पहिला फोन. मी म्हटलं, "आपा, घर माझ्या नावावर झालं." तुम्ही विचारलंत, "वाचून सही केलीस ना गं?"

मी हो म्हटलं. तुम्ही परत तेच विचारलंत. मी परत हो म्हटलं. मग तुम्ही हसलात, पहिल्यासारखं. मी माफी मागायलाच फोन केला होता, आणि बोलत काय बसले, तर रजिस्ट्री ऑफिसात किती गर्दी होती ते. शेवटी घर बघायला या म्हटलं. "उदगीरला? न्हाई गं, तू ये नांदेडला," म्हणालात. तुमचं माहेर उदगीरचं, भाऊ इथेच, आणि तरी तुम्ही कधी येत नव्हता. मी कारण विचारलं नाही. दोन महिन्यांनी शबानाचा तो फोन आला.

एक वाद मात्र आपला तसाच राहिला आहे. नांदेडचं घर विकू नको, भाड्याने दे, असं तुम्ही शेवटपर्यंत म्हणत होता. आम्ही विकलं. भाड्याचे पैसे आले असते हे खरं, पण दर महिन्याला कुणाच्या तरी दारात जाऊन उभं राहणं माझ्याच्याने झालं नसतं. तुम्ही म्हणाला असता, मी वीस वर्षं दारोदार जाऊन उभी राहिले, मला काय झालं? तरीही माझं मत बदललेलं नाही. तुम्ही असता तर अजून एक दिवाळी ह्याच्यावर भांडता आलं असतं.

तुमच्या चाळिसाव्या दिवशी मी नांदेडला आले. बायका गेल्यावर शबाना आणि मी तुमच्या खोलीत बसलो. तिने मला ते सांगितलं. तुमचे मियाँ आजारी होते तेव्हा तुमचे भाऊ उदगीरहून कागद घेऊन आले होते. वडिलांच्या घरातला तुमचा हिस्सा सोडल्याचा कागद. तुम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या राहून, न वाचता सही केलीत. भावाशी वाकडं नको म्हणून. पुढे मियाँ गेले आणि तुम्ही शबानाला घेऊन नांदेडात सात भाड्याची घरं बदललीत. ती म्हणाली, अम्मीने कधी एक अक्षर काढलं नाही, पण उदगीरच्या गाडीत कधी बसली नाही.

मी तिथे बसून राहिले. शबानाला वाटलं मला तुमच्यासाठी वाईट वाटतंय. वाटत होतंच. पण आपा, मीही अशीच एक सही केली आहे. हिमायतनगरच्या तहसीलमध्ये, बाबा गेल्यावर तीन महिन्यांनी. भावाने घरी जेवायला घातलं, साडी दिली, आणि मी अंगठ्याएवढी जागा बघून सही करून आले. शेतजमिनीचं काही वाटलं नाही. बाबांनी विहिरीजवळची दोन आंब्याची झाडं माझ्या नावाने लावली होती, त्यांचं नावसुद्धा कुणी काढलं नाही, ते लागलं. हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. वीस वर्षं आपण एका टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या होतो. तुम्ही मला न वाचता सही करू नको म्हणून शिकवत होता, आणि कारण मात्र दोघींनी एकमेकींना सांगितलं नाही.

उदगीरला परत आल्यावर मी तुमच्या भावाच्या दुकानात गेले. किल्ल्याकडच्या गल्लीत गफूरभाईंचं बांगड्यांचं दुकान कुणीही दाखवतं. मी नांदेडची, आपांच्या ओळखीची, म्हटल्यावर त्यांनी गिऱ्हाईक सोडून मला बसायला दिलं. म्हातारे झालेत. जबड्याची ठेवण तुमचीच आहे. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग त्यांनी मान खाली घालून विचारलं, "आमच्याबद्दल काही बोलायची का ती?"

मी खरं तेच सांगितलं. "कधीच काही बोलल्या नाहीत. ईदच्या आधी तुमच्या पोरांचे कपडे घ्यायला मला बाजारात न्यायच्या, एवढंच." त्यांनी हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या. म्हणाले, "बोलली असती तर बरं झालं असतं. मी वाट बघत होतो."

मी घरी आले. तुमचं गप्प राहणं मला आजवर मोठेपणा वाटत होतं. अजूनही वाटतं. पण त्या दुकानात एक म्हातारा माणूस तीस वर्षांपासून रागावून घेण्यासाठी बसला होता, आणि तो राग त्याला कुणी दिला नाही.

त्याच दुपारी मी हिमायतनगरला भावाला फोन केला. जमीन परत नको, कागदही फिरवायचा नाही, असं आधीच सांगितलं. मग म्हटलं, "दादा, त्या दिवशी तू मला नुसतं विचारलं असतंस ना, तरी मी सही केली असती. तू विचारलं नाहीस." दादाच्या मागे कुठेतरी ट्रॅक्टर सुरू होता, तो त्याने बंद करायला सांगितला. मग म्हणाला, "मंगल, तू एवढी वर्षं का नाही बोललीस?"

मी त्याला तुमच्याबद्दल सांगायला सुरुवात केली, आपा. पाऊण तास झाला तरी संपलं नाही. शेवटी तो म्हणाला, रविवारी ये, बाकीचं इथे बसून सांग. मी जाणार आहे.